तेलाच्या काट्याची उलटतपासणी

मी एकदा ट्रकच्या इंजिनात देव टाकला होता.

देव म्हणजे मूर्ती नव्हे. एवढीही मी वाया गेलेली नव्हते. वेळणेश्वराहून आणलेला अंगारा, त्यात बेलाचं एक सुकं पान, आणि हे सगळं लाल खणाच्या तुकड्यात घालून दोऱ्याने घट्ट शिवलेली सुपारीएवढी पुरचुंडी. नाही, आता खोटं कशाला सांगू, चांगली लिंबाएवढी होती. ती मी आमच्या नुकत्याच दुरुस्त झालेल्या इंजिनात सोडून दिली. तेव्हा माझं वय पंचेचाळीस होतं. हे मुद्दाम सांगते, कारण नातवंडांना वाटतं, आजीने हा पराक्रम परकर नेसायच्या वयात केला असेल. नाही बाळांनो, तेव्हा आजीला चष्मा लागलेला होता, तुमची आई कॉलेजात जात होती, आणि आजी सगळ्या कुवारबावातल्या बायकांना संसार कसा करावा ते शिकवत होती.

पण ही गोष्ट माझी नाही, दत्ताराम मिस्त्रींची आहे. मी त्यातली नुसती आरोपी.

आरोपी हा शब्दही त्यांचाच. हातखंब्याच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज. अंगाने काटकुळे, मिशी जाड, आणि बोलणं असं की इंजिन उघडताहेत की खटला चालवताहेत ते कळू नये. त्याला कारण होतं. त्यांचा आणि चुलतभावाचा बांधावरच्या एका फणसावरून रत्नागिरीच्या कोर्टात दावा होता. तसा आपल्याकडे कोणाचा नसतो? पण बाकीचे लोक तारखेला जातात, वकिलाला शिव्या देतात आणि एसटी पकडून घरी येतात. मिस्त्री मात्र कोर्टात रमले. स्वतःची तारीख आटोपली तरी दुसऱ्यांचे खटले ऐकत मागच्या बाकावर बसायचे आणि दुपारी परत येऊन, तोच पांढरा सदरा काढून, ट्रकखाली शिरायचे. दोन्ही धंदे डोक्यात एकत्र झाले ते झालेच. तो फणस पुढे एका वादळात उन्मळून पडला. दावा अजून उभा आहे.

त्यांच्या लेखी बिघडलेली गाडी म्हणजे दावा. डॅशबोर्डवरचे काटे आणि दिवे हे साक्षीदार. पंप, फिल्टर, बेअरिंग हे आरोपी. गाडीचा मालक पक्षकार, आणि पक्षकार मध्येच बोलला की मिस्त्री पाना खाली ठेवून म्हणायचे, "पक्षकाराने शांत रहावं." गाडी कधी मिळेल असं विचारलं की एकच उत्तर, "तारीख पडली." लांज्यापासून देवरुखापर्यंतचे ड्रायव्हर त्यांची नक्कल करायचे, पण गाडी आणायचे त्यांच्याकडेच.

एकदा एक ड्रायव्हर आला आणि म्हणाला की इंजिनात खडखड होते, बेअरिंग गेलंय, बदलून टाका. मिस्त्रींनी त्याला स्टुलावर बसवलं. खडखड पहिल्यांदा कुठे ऐकलीस, गाडीत माल काय होता, सोबत कोण होतं, चढावर होते की उतारावर, असं अर्धा तास विचारलं. मग उठले, केबिनच्या मागे गेले, आणि तिथे सुतळीने बांधलेला ड्रायव्हरचा पितळी तांब्या सोडून आणून त्याच्या मांडीवर ठेवला. निरपराध बेअरिंगला फासावर चढवणार होतास मेल्या, म्हणाले.

दुसरं वेड फडक्यांचं. गॅरेजात दोरीवर बारा फडकी वाळत असायची. स्वतः धुतलेली. इंजिन बंद करण्याआधी ते मोठ्याने मोजायचे, एक, दोन, तीन, बारापर्यंत, आणि बारावं हाताला लागल्याशिवाय शेवटचा बोल्ट आवळायचे नाहीत. कुठल्या तरी गॅरेजात एका मिस्त्रीचं फडकं इंजिनात राहून गेलं होतं, ती हकीकत ते एखाद्या खुनाची सांगावी तशी आवाज खाली आणून सांगत.

आता आमचा ट्रक. आमचे हे एका ट्रकवर संसार ओढत होते. पावसाळा संपला की जांभ्या दगडाचे चिरे वाहायचे आणि हंगामात आंब्याच्या पेट्या वाशीला न्यायच्या. त्या वर्षी ऐन मार्चअखेर इंजिनाने मान टाकली. मिस्त्रींनी ते पूर्ण उघडलं, रिंगा बदलल्या, बेअरिंग बदलली. आंब्याच्या व्यापाऱ्याने निरोप पाठवला होता की शनिवारी पहिला माल निघणार. ट्रक आला तर हंगामभराच्या फेऱ्या तुमच्या. नाही आला तर दुसरा बघितलेला आहे. म्हणजे शनिवार चुकला असता तर पुढच्या पावसाळ्यात आम्ही काय खाणार होतो, हा साधा प्रश्न होता.

ह्यांचा स्वभाव सांगायला हवा. हात कधी उचलला नाही, पण आवाज असा की कुवारबावात ओरडले तर मिरकरवाडा बंदरातल्या होडीवर ऐकू जावं. आणि ओरडायला माणसं लागत. घरात दोघंच असलो तर नुसते घुम्यासारखे बसत. चार माणसं जमली की माझी चूक त्यांना आठवे. एका मुंजीत पंगतीला वाढताना माझ्या हातून मठ्ठ्याचं भांडं सांडलं, तर त्यांनी अख्ख्या पंगतीला माझ्या वेंधळेपणाचा इतिहास लग्नापासून ऐकवला. त्यामुळे माझी सगळी भक्ती आणि सगळे उद्योग चोरून चालत.

तर मी विचार केला. विचार करायची मला तेव्हा फार खोड होती. सगळे लोक ट्रकला बाहेरून लिंबू-मिरची बांधतात. काचेपुढे देव बसवतात, त्याला हार घालतात. आणि बिघाड कुठे होतो? आत. ताप पोटातला आणि औषध कपाळाला चोपडायचं, याला काय अर्थ? देव जर बसवायचा तर दुखण्याच्या जागी बसवायला हवा. इतकं सरळ तर्कशास्त्र आजवर कोणाला कसं सुचलं नाही, याचं मला नवल वाटलं आणि स्वतःचं कौतुकही.

मंगळवारी दुपारी चहाचा थर्मास घेऊन मी गॅरेजात गेले. माणसं जेवायला गेली होती. इंजिन बसवून झालं होतं, तेल तेवढं भरायचं होतं. इंजिनाच्या कडेला तेल ओतायची एक जाड नळी वर आलेली असते, तिच्या तोंडावर फडकं ठेवलं होतं. मी फडकं उचललं, पुरचुंडी आत सोडली. ती अडकली. मग मी कोपऱ्यातल्या केरसुणीतली एक हीर, म्हणजे जाडशी काडी, उपसली आणि ढोसून ढोसून देवाला खाली पाठवलं. वरून नमस्कार केला. फडकं होतं तसं ठेवलं. घरी येताना एसटीत अशी ऐटीत बसले होते की जणू मीच इंजिन बांधलंय.

संध्याकाळी मिस्त्रींनी फडकी मोजली, तेल भरलं आणि गाडी चालू केली. तेलाच्या दाबाचा काटा टुणकन वर गेला. हे खूश. मी मनात म्हटलं, बघा. पाच मिनिटांनी काटा वाकायला लागला. मग आणखी वाकला. मिस्त्रींनी झटकन इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "साक्षीदार फिरला."

तेलाचा तो काटा इंजिनात तेल किती जोराने फिरतंय ते दाखवतो. जोर कमी झाला की लोखंडावर लोखंड कोरडं घासतं आणि इंजिन जागच्या जागी आवळतं. हे सगळं मला त्याच आठवड्यात शिकायला मिळालं. बऱ्याच बायकांना न शिकता चालतं.

ह्यांचं म्हणणं पडलं की काटाच बिघडलाय, गाडी चालू द्या. मिस्त्रींनी त्यांना शांत रहायला सांगितलं. साक्षीदाराला खोटा म्हणायचं तर आधी त्याची उलटतपासणी पाहिजे. त्यांनी पेटीतून स्वतःचा एक जुना मीटर काढला, इंजिनालाच तांब्याच्या नळीने जोडला. हा कोर्टाने नेमलेला साक्षीदार. गाडी चालू केली. हाही वर गेला आणि पाच मिनिटांनी खाली आला. दोघांची जबानी एक निघाली. तेव्हा मिस्त्री केबिनमध्ये चढले आणि डॅशबोर्डच्या काट्याची काच सदऱ्याच्या टोकाने पुसून त्याची माफी मागितली. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

मग आरोपी एकेक करून पिंजऱ्यात आले. तेल बोटांत चोळून, हुंगून पाहिलं, जातीचं होतं, सुटलं. फिल्टर कापून पाहिला, स्वच्छ निघाला, सुटला. तेलाचा दाब जास्त झाला की सोडून देणारी एक झडप असते, तिची स्प्रिंग तपासली, तीही सुटली. गुरुवारी तळाचं तेलाचं चेंबर न उतरवता बाहेरच्या बाहेर पंप काढला, कारण त्या इंजिनात तो कडेलाच होता. वर्तमानपत्रावर त्याचे भाग मांडून एकेक दात तपासला आणि पंपाला सन्मानाने निर्दोष सोडलं. सुटलेल्या प्रत्येकाला जागेवर बसवताना वर हलकी थाप मारायचे. चल, घरी जा, अशी.

या काळात मी काय करत होते? मला एकदाही शंका आली नाही. उलट वाटलं, देव परीक्षा बघतोय. मग वाटलं, एवढ्या मोठ्या इंजिनापुढे एका पुरचुंडीचा काय पाड? अंगारा कमी पडला. बुधवारी रात्री मी दुसरी शिवायला घेतली होती. खण अपुरा पडला म्हणून ट्रक वाचला.

गुरुवारी संध्याकाळी मिस्त्री पाना खाली ठेवून बसले. आता उरली होती बेअरिंग, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने बसवली होती. म्हणजे संशय न्यायाधीशावरच आला होता. बेअरिंग बघायची तर सगळं इंजिन पुन्हा उतरवायला हवं, आणि मग शनिवार गेला. बघे लोक जमले होते. हातखंब्याला एखादी गाडी दोन दिवस उभी राहिली की सल्ला द्यायला आठ-दहा माणसं आपोआप उगवतात. त्यातला एक म्हणाला की मिस्त्रींचा हात आता थरथरतो. मिस्त्रींनी ऐकलं. स्वतःच्या हाताकडे बघितलं.

शुक्रवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते बघ्यांपुढे उभे राहून निकालपत्र वाचावं तसे बोलत होते. गाडी बंद करून अर्धा तास ठेवली की काटा पुन्हा बरोबर वर जातो. गेलेलं बेअरिंग अर्ध्या तासात बरं होत नाही. मग बरं काय होतं? तळाच्या चेंबरमध्ये तेल ओढून घेणारी एक जाळी असते. इंजिन चालू झालं की काहीतरी ओढलं जाऊन त्या जाळीच्या तोंडावर बसतं. इंजिन बंद झालं की सुटून खाली पडतं. "कायतरी मऊ आहे," मिस्त्री म्हणाले. "लोखंड नाय. हलकं, मऊ, मुठीत मावेल एवढं."

माझ्या हातातला कप बशीवर वाजायला लागला.

मिस्त्रींनी कपाकडे बघितलं. माझ्याकडे नाही, नुसतं कपाकडे. मग गोणपाट अंथरलं आणि ट्रकखाली शिरले.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. पण हे शेजारी उभे होते आणि त्यांचा आवाज चढायला लागला होता. माझ्या इंजिनात कोणी काय टाकलं ते आज सगळ्यांसमोर कळू दे, चार दिवस घालवलेत माझे, मी त्याला इथे उभा सोडणार नाही, वगैरे. दहा माणसं कान देऊन ऐकत होती. मी पदर घट्ट धरून उभी राहिले. पंचेचाळीस वर्षांची बाई, आणि उभी अशी की जणू शाळेत बाईंनी वही मागितलीय.

खालून बोल्ट सुटल्याचे आवाज आले. जुनं तेल घमेल्यात पडलं. चेंबर खाली आलं. मी वाकले. ट्रकखालच्या अंधारात मला मिस्त्रींचा हात दिसला, आणि हातात काळं झालेलं, तरी कडेने अजून लाल असलेलं काहीतरी. त्यांनी ते अंगठ्याने जरा चोळून बघितलं. टाके बघितले. मग मूठ मिटली.

वरून हे ओरडले, काय आहे?

"फडकं," खालून आवाज आला. "माझंच. ऱ्हायलं."

मग जे हसू फुटलं ते काय सांगू. फडकी मोजणाऱ्या मिस्त्रींचं फडकं. एकाने तर मांडीवर थाप मारली. हे सुद्धा ओरडायचे विसरून हसायला लागले, कारण मिस्त्रींवर ओरडून उद्या गाडी कोण दुरुस्त करणार? मिस्त्री बाहेर आले, मूठ खिशात घालून बाहेर काढली, हात पुसले आणि म्हणाले की चूक झाली, दुपारपर्यंत गाडी देतो.

दोरीवर बाराच्या बारा फडकी वाळत होती. मोजायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी मोजली. दोनदा.

दुपारी काटा वर गेला आणि तिथेच राहिला. शनिवारी आंबा वाशीला निघाला, हंगाम मिळाला, पावसाळा निभावला. मिस्त्रींचं नाव मात्र खराब झालं. ते इंजिन बंद करताना बारा म्हणाले की कोणीतरी बाजूने विचारायचं, तेरावं कुठं गेलं? दोन-तीन जुने ट्रकवाले त्या वर्षी दुसऱ्या गॅरेजात गेले. आणि मी काय केलं? आंबापोळी पाठवली. कुळथाचं पीठ पाठवलं. गौरी-गणपतीला घावन घाटलं पाठवलं. खरं तेवढं सोडून घरातलं सगळं पाठवलं.

आमच्या ह्यांनी तर ती गोष्ट तोंडपाठ केली. मिस्त्रींच्या फडक्याची गोष्ट तेवीस वर्षं आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळते. आता त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ही गोष्ट मागच्या वेळी सांगून झालीय असं कोणी म्हटलं तरी थांबत नाहीत. गेल्या वैशाखात लांज्याला एका लग्नात त्यांनी ती पंगतीत सांगितली, आणि समोरच्याच पानावर मिस्त्री बसलेले. केस सगळे पांढरे, मिशी तेवढी जाड. सगळे त्यांच्याकडे वळून हसले. मिस्त्रींनी हातातला घास खाली ठेवला, मान हलवली आणि म्हणाले, होय, माझंच. आणि पुन्हा जेवायला लागले.

मी पान अर्धवट टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून हातखंब्याला गेले. गॅरेज आता त्यांच्या भाच्याने चालवायला घेतलंय. मिस्त्री बाहेर खुर्ची टाकून बसतात आणि जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजावरून निकाल देत असतात. बायको वारून पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी स्टुलावर बसले. हे तेच ते साक्षीदारांचं स्टूल. आणि सगळं सांगून टाकलं. अंगारा, खण, हीर, सगळं. दुसरी पुरचुंडी शिवायला घेतली होती, तेसुद्धा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, मुदत संपली. तेवीस वर्षांनी कबुलीजबाब कोण नोंदवून घेतो?"

मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?

तर ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, त्या शुक्रवारी तुम्ही अंगात कसली चोळी घातली होती आठवतं का? मला आठवेना. त्यांना आठवत होती. लाल खणाची. त्याच खणाची. इतकी वर्षं कोर्टात जातोय, पण मुद्देमाल अंगावर घालून, वर चहा घेऊन आलेला आरोपी दुसरा बघितला नाही, म्हणाले.

मीही हसले. काय करणार? मग मात्र मी विचारलं. म्हटलं, मिस्त्री, चूक माझी होती. ओरडा मी खाल्ला असता, दोन दिवस रडले असते, संपलं असतं. तुम्ही तुमचं नाव का घालवलंत? फडक्यांवर तर तुमचा जीव.

रस्त्यावरून एक चिऱ्यांचा ट्रक घरघरत गेला, त्याचाही निकाल त्यांनी दिला नाही. मग बोलले, ते कोर्टातलं एकही अक्षर न आणता.

"तुमच्या शेठचा आवाज चढत होता ना, तो मला खालून ऐकू येत होता. आमच्या हिने एकदा मला बरं वाटावं म्हणून गॅरेज झाडलं होतं. मी जमिनीवर ओळीने मांडलेले नट-बोल्ट तिने गोळा केले, धुतले, पुसले नि सगळे एका डालड्याच्या डब्यात भरून ठेवले. मी ओरडलो. दहा माणसं होती. ती काय बोलली नाय, डबा खाली ठेवला नि घरी गेली. त्यानंतर ती होती तोवर, सोळा वर्षं, माझं जेवण रोज वेळेवर गॅरेजात आलं, वहिनी, कोणा ना कोणाच्या हाती. ती नाय आली."